चिठ्ठी कुठंय? पेठांतल्या केमिस्टांना एक उघडं पत्र

प्रति,
सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रोड आणि टिळक रोड भागातले माझे केमिस्ट बंधू-भगिनी,
तसेच इथले अभ्यासिका चालक,
पुणे.

सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आपण पंधरा-वीस दुकानदार एकत्र बसलो होतो. सहावा विषय माझा होता : जागरणाच्या गोळ्यांची विनाचिठ्ठी विक्री. पहिल्या पाच विषयांना दीड तास लागला, त्यातला निम्मा दुकानांपुढच्या पार्किंगला. माझ्या विषयाच्या वाट्याला चार मिनिटं आली. एक जण म्हणाले, "ताई, पोरं सज्ञान आहेत." दुसरे म्हणाले, "आपण नाही दिली तर शेजारचा देतो." तिसऱ्यांनी सुचवलं की ज्याने त्याने आपापल्या पातळीवर बघावं. तेवढ्यात चहा आला आणि तेच ठरलं.

मला ते मान्य नाही. खरं तर तिथंच तोंड उघडायला हवं होतं. मी कप घेऊन गप्प बसले. म्हणून आता लिहिते आहे, आणि चारचौघांत लिहिते आहे. कारण या गोळ्या ज्यांच्या पोटात जातात ती स्पर्धा परीक्षांची पोरं आणि हिंगोली-वाशीम-धाराशिवहून त्यांना महिन्याचे पैसे पाठवणारे आईबाप आपल्या बैठकीला नव्हते.

आधी माझ्याच दुकानाचं सांगते, म्हणजे मी कुणाकडे बोट दाखवते आहे असं वाटायला नको.

डी.फार्म. करून १९९८ साली मी वडिलांच्या दुकानात उभी राहिले. तेव्हा आमचं गिऱ्हाईक म्हणजे पेन्शनर मंडळी. बीपीची गोळी, शुगरची गोळी आणि सोबत अर्धा तास गप्पा. आठ वाजता शटर खाली. आता वाड्यांच्या जागी इमारती आल्या, इमारतींत कॉट बेसिसवर पोरं आली, तळमजल्यांवर अभ्यासिका आल्या, आणि माझा खरा धंदा रात्री नऊनंतर सुरू होतो. ॲसिडिटीच्या गोळ्या, मानेला लावायचं मलम, डोळ्यांत घालायचे थेंब. वीस तास खुर्चीत बसणाऱ्या माणसाला जे जे लागतं ते सगळं. आणि गेल्या पाच-सहा वर्षांत चौथी गोष्ट : "मोडा आहे का?"

मोडा म्हणजे मोडाफिनिल. मीही विकली आहे. चिठ्ठी न मागता विकली आहे. पूर्व परीक्षेच्या आधीच्या महिन्यात तर स्टॉकिस्टला जादा ऑर्डरही दिली आहे. हे कबूल केल्याशिवाय पुढचं लिहायचा मला हक्क नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबर महिना, रात्रीचे पावणेदहा. मी आत बिलं जुळवत होते, काउंटरवर आमचा मुलगा होता (मुलगा म्हणजे हेल्पर, बारावी झालेला). एक उमेदवार आला. वय पंचवीस-सव्वीस, पायात स्लीपर, हातात पारदर्शक फाइल. दुसऱ्या दिवशी त्याची मॉक मुलाखत होती. मोडा तो आधीपासून घेत होता, त्यानं छाती धडधडते म्हणाला, आणि मुलाखतीत हात थरथरतात त्यावर मित्रांनी गोळी सांगितली आहे म्हणाला. मोबाइलवर नाव दाखवलं : प्रोप्रॅनोलॉल, चाळीस मिलिग्रॅम. आमच्या मुलानं फळीवरून स्ट्रिप काढली, बिल केलं, सुटे परत दिले. एक मिनिटसुद्धा लागलं नसेल.

त्या पोराला दमा होता. शर्टाच्या खिशात पंप होता. तो पंप त्यानं महिन्याभरापूर्वी माझ्याच दुकानातून घेतला होता, त्याच मोबाइल नंबरवर, त्याच कॉम्प्युटरमध्ये.

प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या माणसाला द्यायचं नसतं, हे आपण डी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला पाठ केलेलं असतं. ते श्वासनलिका आवळतं, आणि वर पंपातलं औषध ज्या जागी जाऊन काम करतं नेमकी तीच जागा अडवून बसतं. पोरानं मध्यरात्री पंप मारला. पुन्हा मारला. दम उतरेना. खोलीतल्या तिघांनी त्याला उचलून रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. वाचला. दुसऱ्या दिवशी त्यातला एक मित्र ती स्ट्रिप घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. भांडायला आला नव्हता. त्यानं इतकंच विचारलं, "मॅडम, ह्यात असं काय होतं?"

पोरगा मुलाखत न देताच गावी गेला. तक्रार कुणीच केली नाही. मीही कुणाला काही बोलले नाही, ते आज बोलते आहे.

आता मुद्द्यांवर येते.

पहिला मुद्दा गोळीचाच. आपल्यातले काही जण तिला 'स्ट्राँग कॉफी' म्हणून देतात. मोडाफिनिल हे नार्कोलेप्सीचं औषध आहे. बसल्या जागी, बोलता बोलता, गाडी चालवताना ज्यांना झोप कोसळते अशा माणसांसाठी. अमेरिकेत १९९८ साली तिला मंजुरी मिळाली ती याच आजारासाठी. पुढे झोपेत श्वास अडकणाऱ्यांना दिवसा येणारी पेंग आणि रात्रपाळीमुळे झोपेचं चक्र बिघडलेले लोक, एवढीच भर पडली. युरोपातल्या औषध नियंत्रकांनी तर २०१०च्या फेरतपासणीनंतर उलटी दिशा धरली : नार्कोलेप्सी सोडून बाकीचे उपयोग काढून टाकावेत, कारण फायद्याच्या मानानं त्वचेचे आणि मनाचे धोके जास्त. अंगावर पुरळ उठून कातडी सोलवटणारा स्टीव्हन्स-जॉन्सनसारखा प्रकार क्वचितच होतो, पण होतो. पुरळ दिसलं की गोळी त्या क्षणी बंद करून डॉक्टर गाठायचा असतो. हे तुमच्या काउंटरवर किती पोरांना सांगितलं जातं? मुलींना आणखी एक गोष्ट सांगायची असते. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम या गोळीनं कमी होतो, आणि ही बंद केल्यावरही महिनाभर तरी तो कमीच राहतो. पेठांत अभ्यास करणाऱ्या कितीतरी मुली लग्न झालेल्या आहेत. एकीलाही मी हे सांगितलेलं नव्हतं. चिठ्ठीच नाही, तर सांगणार कशावरून?

गोळी काम करत नाही असं मी म्हणत नाही. करते, माणूस जागा राहतो. तिचा अर्धा अंमल ओसरायलाच बारा-पंधरा तास लागतात. रात्री नऊला घेतलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना अर्धी अंगातच असते. मग दुपारची डुलकीही गेली आणि रात्रीची झोपही. आणि वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेत, हे तर आपल्या आज्याही सांगत होत्या. आता मेंदूवाले यंत्रं लावून तेच सांगतात. म्हणजे पोरगं रात्रभर पोतं भरतंय आणि पोत्याला खालून भोक.

२०२३ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चाळीस धडधाकट तरुण माणसं घेतली. पिशवीत ठरावीक वजनापर्यंतच वस्तू भरायच्या, पण एकूण किंमत जास्तीत जास्त झाली पाहिजे, असलं कोडं त्यांना दिलं. वेगवेगळ्या दिवशी मोडाफिनिल, मेथिलफेनिडेट, डेक्साम्फेटामिन (ही दोन्हीही उत्तेजक औषधंच), आणि एकदा नुसतीच खोटी गोळी. औषध घेतल्यावर माणसं जास्त वेळ झटली, जास्त उचलाउचल केली, आणि उत्तरं मात्र सरासरीनं उतरली. खोट्या गोळीवर जे चांगले होते तेच औषधावर घसरताना दिसले. त्याच्या कितीतरी आधी, १९९७ साली, कॅनडात सैनिकांना जागरण करायला लावून मोडाफिनिल दिलं होतं. तेव्हा त्यांना आपलं काम प्रत्यक्षात होतं त्यापेक्षा चांगलं चाललंय असं वाटत होतं. निगेटिव्ह मार्किंगच्या पेपरात नको तितका भरवसा वाटणारी गोळी! आणि राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाल्यापासून मागणी वाढली आहे. लिहायचं आहे, जास्त जागायला हवं, म्हणून. कसलं काय.

दुसरा मुद्दा कात्रीचा. हा लिहिताना मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

दहा गोळ्यांची स्ट्रिप एका पोराला परवडत नाही किंवा एकदम इतक्या नको असतात. म्हणून आपण कापून देतो. दोन दोन, तीन तीन. स्ट्रिपच्या एका टोकाला बॅच नंबर आणि एक्स्पायरी ठोकलेली असते. मागे आरएक्सची खूण आणि 'नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये' ही चौकट. कात्री चालली की चौकटीचे तुकडे होतात. एकाच्या हातात 'चिठ्ठीशिवाय' येतं, दुसऱ्याच्या हातात 'विकू नये' येतं, तिसऱ्याला कोरी चंदेरी पट्टी मिळते. त्यावर आपण छोटं पाकीट चढवतो आणि पाकिटावर असतं आपल्या दुकानाचं नाव. मागच्या आठवड्यात एका मुलीनं माझ्याकडे असाच तुकडा आणला. दोन गोळ्या, वर औषधाच्या नावातली फक्त शेवटची तीन अक्षरं. "ही कसली आहे ते सांगाल का," म्हणाली, "मैत्रिणीनं दिली." दुकान आपल्यातलंच होतं. नाव लिहीत नाही. ज्यांचं आहे त्यांना पाकिटाचा रंग आठवेल.

तिसरा मुद्दा थोडक्यात : जिन्याचा. एक पायरी चढली की पुढची आपणच विकतो. जागायला मोडा, धडधडीला प्रोप्रॅनोलॉल, मग झोप येत नाही म्हणून अल्प्राझोलाम किंवा झोल्पिडेम. शेवटची दोन तर १ मार्च २०१४पासून एच-वनमध्ये, म्हणजे वेगळी नोंद सक्तीची असलेल्या औषधांच्या यादीत आहेत. डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं, सगळं वेगळ्या रजिस्टरात लिहून तीन वर्षं जपायचं. आपल्या भागातली ती रजिस्टरं महिनाअखेरीस एकाच बैठकीत, एकाच पेनानं लिहिली जातात हे सगळ्यांना माहीत आहे. मेथिलफेनिडेटबद्दल मी वेगळं बोलत नाही. ते शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे त्याहून कडक यादीत आहे, चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात, एक आपल्याकडे दोन वर्षं ठेवावी लागते, आणि आपल्यापैकी बहुतेक जण त्या भानगडीत पडतच नाहीत. म्हणजे बघा, जिथं कागद सक्तीचा आणि धाक खरा, तिथं आपल्याला नियम बरोबर पाळता येतात.

चौथा. २८ सप्टेंबर २०१८ आठवतो? देशभरातल्या केमिस्टांनी ऑनलाइन विक्रीविरुद्ध बंद पाळला. मीही शटर ओढलं होतं. आपलं म्हणणं काय होतं? की ऑनलाइनवाले चिठ्ठी न बघता औषधं पाठवतील, तरुण पोरं नासतील, समोर फार्मासिस्ट नसेल तर रुग्णाला समजावणार कोण. शब्दन् शब्द बरोबर होता. आता त्यातला 'ऑनलाइन' हा शब्द काढा आणि आपल्या काउंटरवर उभं राहून तेच वाक्य म्हणून बघा.

पाचवा. भिंतीवर प्रमाणपत्र फार्मासिस्टचं आणि काउंटरवर बारावी पास. माझ्याच दुकानात त्या रात्री तेच होतं, मी पडद्यामागे चार फुटांवर असताना. नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कुणी औषध देऊ नये असं सांगणारं १९४८च्या फार्मसी कायद्याचं कलम ४२ मला कुणी समजावायला नको. आणि काही ठिकाणी तर प्रमाणपत्रावरचा माणूस पुण्यातच राहत नाही.

आता "शेजारचा देतो" या वाक्याचं. हे वाक्य म्हणणाऱ्या प्रत्येकाचा शेजारी म्हणजे आपल्यातलाच कुणीतरी. मी तुमची शेजारी, तुम्ही माझे. पंधरा-वीस जणांनी एकाच दिवशी 'नाही' म्हटलं तर अलका टॉकीजच्या चौकापर्यंत शेजारी उरत नाही. पुढे जाऊन कुणी आणेल, आणू दे. चार चौक चालायला लावणं हीसुद्धा एक अडचण आहे, आणि रात्री दहाला दमलेल्या पोराला कधी कधी तेवढी अडचण पुरते. तो खोलीवर जाऊन झोपतो.

आणि "पोरं सज्ञान आहेत" याचं. आहेत. पण सज्ञान माणसाला निवड करायची तर आधी माहिती मिळायला हवी, आणि ती आपण कात्रीनं कापून टाकतो. आईबाप दूर. डॉक्टरकडे तो गेलेलाच नाही. मेसच्या काकू फार तर "जेवला नाहीस रे" म्हणतील. गोळी आणि त्याच्या मध्ये उभा असलेला शिकलेला माणूस अख्ख्या पुण्यात एकच, आपण. आपण "चिठ्ठी कुठंय?" विचारलं नाही तर त्याला कुणीच काही विचारलेलं नसतं.

कुणी म्हणेल, ही कॉपीच झाली. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठानं २०११ साली चिठ्ठीशिवाय अशा गोळ्या घेऊन अभ्यास करणं फसवणुकीत धरलं. खेळाडूंना तर मोडाफिनिल २००४पासून बंदच आहे. तो वाद परीक्षा घेणाऱ्या लोकसेवा आयोगानं घालावा. मला त्या पोरांना चोर ठरवायचं नाही. अडतीस वर्षांपर्यंत वय सरेतो परीक्षा देत राहणारा माणूस, जाहिरात कधी निघेल माहीत नाही, तारीख कधी पुढे जाईल माहीत नाही, घरी धाकट्या बहिणीचं लग्न थांबलेलं. त्याच्या जागी मी असते तर मीही मागितली असती. काउंटरच्या अलीकडे उभं राहून ती दिली, हे मात्र मला जमायला नको होतं.

अभ्यासिका चालकांना दोन शब्द. तुमच्यातल्या एका ठिकाणी चहा आणणारा पोऱ्याच गोळ्या आणून देतो, गोळीमागे पाच रुपये जादा घेऊन. तुमच्या ग्रुपवर 'मोडा कुठे मिळते' या प्रश्नाला दुकानाच्या नावासह उत्तर पडतं आणि ते चार-चार दिवस तसंच राहतं. फी थकली की तुम्ही दहा मिनिटांत नाव काढता.

माझ्या मागण्या साध्या आहेत. नवीन कायदा मागत नाही. आहे तो पाळायचा आहे.

१. मोडाफिनिल, आर्मोडाफिनिल (तिचाच एक प्रकार), प्रोप्रॅनोलॉल आणि झोपेच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय कुणीही देऊ नयेत. चिठ्ठी मोबाइलवरच्या फोटोची असेल तर तारीख आणि नाव बघावं; एकच फोटो पन्नास जणांत फिरतो.

२. मोडाफिनिल एच-वनमध्ये नाही, चिठ्ठीवरच्या औषधांच्या साध्या एच यादीत आहे. तरीही तिची वही एच-वनसारखी ठेवू या, त्या त्या दिवशी लिहिलेली. तिला एच-वनमध्ये घ्यावं असं निवेदन आपण मिळून द्यावं. मसुदा मी करते.

३. चिठ्ठी असली आणि स्ट्रिप कापावीच लागली, तर पाकिटावर औषधाचं पूर्ण नाव, बॅच आणि एक्स्पायरी पेनानं लिहावी. अर्धं मिनिट लागतं, मी घड्याळ लावून पाहिलं आहे.

४. रात्री नऊनंतर काउंटरवर फार्मासिस्ट. त्याला जमणार नसेल तर या गोळ्यांचा कप्पा बंद.

५. अभ्यासिकांनी ग्रुपवरचे असे मेसेज त्याच दिवशी काढावेत आणि चहावाल्या पोऱ्याला चहाच आणू द्यावा.

६. सहावा विषय पुन्हा घ्यावा, आणि पहिला घ्यावा. हात वर करून मत द्यावं, कुणाचा हात वर होता ते लिहून ठेवावं.

मी माझ्यापुरतं सुरू केलं आहे. एकोणीस दिवस झाले. पहिल्या आठवड्यात रोज आठ-दहा जण परत गेले, त्यातले दोघे शिव्या देऊन. एक जण दुसऱ्या दिवशी आला आणि ओआरएसची दोन पाकिटं घेऊन गेला. मोडाबद्दल तोही बोलला नाही, मीही नाही. आमच्या मुलाला आता "चिठ्ठी कुठंय?" म्हणायची इतकी सवय झाली आहे की परवा त्यानं खोकल्याच्या चॉकलेटी गोळ्यांनाही चिठ्ठी मागितली. गल्ल्यात फरक पडला आहे, नाही असं सांगत नाही. पूर्वच्या आधी जास्त पडेल.

काउंटरवर एक पाटी लावली आहे : 'जागरणाच्या व धडधडीच्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणार नाहीत. दमा असल्यास आधी सांगा.' मजकूर कुणाला हवा असेल तर दुकानात येऊन फोटो काढून न्या. पुढची बैठक कधी ते कळवा, मी वही घेऊन येते.

आपली,
नवी पेठेतली एक फार्मासिस्ट